पाच रेघांचा कागद

माघ वद्य तृतीया, सोमवार, सकाळ. जागा: अकोल्याच्या जुन्या शहरातली, मोर्णा नदीकाठची रहीमभाई पिंजाऱ्याची पडवी. हजर: नमुनेवाले साहेब, रहीमभाई आणि मी. बाहेर साहेबांची बैलगाडी जुंपून तयार. निरोपाच्या दिवसाची माझ्या वहीत एवढीच नोंद आहे.

कापसाच्या तेजीत वऱ्हाडात जेवढे गोरे आले, त्यांत कापसाकडे सर्वांत कमी लक्ष असलेला माणूस म्हणजे आमचे नमुनेवाले साहेब. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी अमरावती-अकोल्याची आठवण झाली. त्या लाटेत हे साठीचे गृहस्थ एका पेढीतर्फे कापसाची प्रत तपासायला आले. ते इंग्रज नव्हते. बोहेमिया नावाच्या मुलखातले होते. आजोबांच्या काळी त्यांच्या गावात एक संगीतकार होऊन गेला होता आणि आजोबा त्याच्या रचनांच्या नकला करत. त्या नकलांची पेटी साहेब बरोबर घेऊन हिंडत, कारण त्या रचना जगात दुसरीकडे कुठे उरल्या असतील असं त्यांना वाटत नव्हतं.

मी त्यांचा कारकून. वस्तू जागच्या जागी आणि जागेची नोंद वहीत, हा माझा स्वभाव. साहेबांचा चष्मा कापसात सापडे आणि टोपी गाडीवानाच्या डोक्यावर. मराठी ते या गाडीवानांकडूनच शिकले, त्यामुळे पुण्याहून आलेल्या मामलेदारांनाही "काहून बे, बरा हायेस ना?" असं मायेनं विचारत. कापूस हातात घेतला की संगीतकाराचं चरित्र सुरू. तो शाळामास्तरचा मुलगा. तिकडे मास्तरच पोरांना अक्षरंही शिकवतो आणि फिडल वाजवायलाही. पुढे तो एका सरदाराकडे नोकरीला लागला. "सकाळी सरदाराचे कोट झटके, संध्याकाळी त्यालेच बाजा ऐकवे," साहेब सांगत. "चाळीस सिंफन्या लिहिल्या, बाप्पा! आन् नाव झालं दुसऱ्याचंच." सिंफनी म्हणजे वीस-तीस जणांनी मिळून वाजवायची लांब रचना, आणि तिच्यात एक संथ भाग असतो, हे मी विचारून टिपून ठेवलं आहे. अमरावतीच्या बाजारात सौदा रुमालाखाली बोटं दाबून होतो. एकदा ऐन सौद्यात साहेबांना एक चाल आठवली आणि त्यांची बोटं शेटजींच्या तळहातावर ती वाजवू लागली. शेटजींनी तो भाव समजून खुशीनं मान डोलावली. नको असलेला बारा गाड्या कापूस आमच्या दारात उभा राहिला. साहेब म्हणाले, "पाय ना, त्यालेही आवडलं!"

रहीमभाई आमच्या नमुन्यांचा कापूस पिंजून देत. त्यांच्या पिंजणाच्या कमानीवरची ताणलेली तात घुमली की साहेब डोळे मिटत. "हाच! हाच खालचा सूर!" मग साहेब गुणगुणत आणि तातेवर ठोका कधी मारायचा ते बोट वर करून दाखवत. "साहेब, रजई काल द्याची होती," रहीमभाई कुरकुरत. "तुमचा उस्ताद त मरून गेला, मायं गिऱ्हाईक जित्तं हाये!"

"थांब रे, आता संथ भाग येते."

त्या संथ भागाचं मी काय केलं, तेही सांगितलं पाहिजे. तेजीत नमुने गुंडाळायला कागद मिळेनासा झाला. एके सकाळी नमुन्यांच्या मेजावर जाड कागदांची चवड दिसली. त्यावर ओळीनं पाच-पाच रेघा आखलेल्या, पुढच्या बाजूला शाईचे ठिपके, मागे रेघा तेवढ्या कोऱ्या. गाव, शेतकरी, गठ्ठा, वजन, प्रत: माझ्या पाच नोंदी, आणि रेघाही पाच! इतका सोयीचा कागद मी जन्मात पाहिला नव्हता. पेटी साहेब कुणाला उघडू देत नसत, आणि गाणं कागदावर अशा रेघा-ठिपक्यांनी लिहितात हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. अकरा कागदांचे तुकडे करून, सुवाच्य अक्षरात भरून, मी नमुने मुंबईला रवाना केले. तिथून ते जहाजावर चढले.

दोन दिवसांनी साहेबांनी पेटी सात वेळा उपसली. "कारकूनजी, मायंच चुकलं. संथ भाग मी गावीच इसरलो." तेव्हा मला उलगडा झाला: ती चवड साहेबच मेजावर विसरले होते. सांगायला म्हणून गेलो, आणि पेटी नीट लावून द्यायला बसलो. पुढची दोन वर्षं साहेब तो भाग आठवत राहिले. मध्यापर्यंत चाल सुरेख येई, मग एका जागी बोट वर जाई आणि तिथेच राही. रहीमभाईंचा हातही तसाच हवेत.

लढाई संपली, भाव कोसळले, पेढीनं गाशा गुंडाळला. निरोपाच्या सकाळी मी साहेबांना सगळ्या रचनांची यादी करून दिली. एका ठिकाणी लिहिलं होतं: संथ भाग नाही. साहेबांनी मला मिठी मारली. "तू नसता त माये कागद उधईनं खाल्ले असते. तुयासारखा जपणारा मानूस म्या नाही पाह्यला." मी खाली पाहून त्यांच्या गावचा पत्ता लिहून घेतला. रहीमभाई म्हणाले, "साहेब, पुढचं आठवलं त कळवा. मी हात वरच ठेवतो."

आता इतक्या वर्षांनी त्या पडवीवरून जाताना कधी कधी ती चाल पिंजणावर ऐकू येते. ती त्याच जागी थांबते. मीही क्षणभर थांबतो, मग कामाला लागतो. माझ्या रोजच्या यादीतली कामं संध्याकाळपर्यंत एकेक करून खोडली जातात. तळाशी एक राहतं, 'साहेबांना पत्र: कागद मी वापरले', आणि ते मी नीट, सुवाच्य अक्षरात, उद्याच्या यादीत उतरवून घेतो.