खालच्या रानाचा ताण

त्या सकाळी मी आत्तीला पाणी दिलं नाही.

कोल्हापूरच्या दवाखान्यात ती कॉटवर उठून बसली होती. नजर तांब्यावर. किडन्या थकलेल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी घोटभरच, तेही विचारून.

"घोटभर दे की रं."

"आत्ती, आत्ताच दिलंय. डॉक्टर वरडत्यात."

"म्हंजे मला बी ताण दिलास म्हण की!"

आणि हसली.

ताण म्हणजे पिकाचं पाणी काही दिवस तोडायचं, रानाला श्वास घेऊ द्यायचा. इथं वाचणारे बरेच मित्र शहरात वाढलेत, म्हणून सांगतो.

आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण. मूलबाळ नव्हतं, शेवटी आमच्याकडंच राहिली.

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत ती परकरी पोर होती. आज्जा मोट हाकायचा आणि ही दारं धरायची, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायची.

बैल दमले की मोट थांबायची. रानाला आपोआप ताण बसायचा.

पुढं पन्नास सालानंतर कधीतरी विहिरीवर इंजिन आलं. नारळ फुटला, पेढे वाटले.

आज्जा म्हणाला, "ह्यो बैल काय दमत न्हाय!"

ऊस लागला. इंजिन दिवसभर धडधडायचं. खालच्या रानात पाणी तुंबलेलं बघून एकदा आत्तीनं पाटाचं तोंड मातीनं बुजवलं.

आज्जा बांधावरून ओरडला, "कुणी गं पाणी तोडलं?"

"मी. रानाचं प्वाट भरलंय, आप्पा."

"गप. पाण्यानं कधी कुणाचं वाईट झालंय व्हय?"

त्यानं खोऱ्यानं तोंड पुन्हा उघडलं. ती बघत राहिली.

पाणी साचून साचून माझ्या लहानपणीच त्या रानात मीठ फुटलं होतं. उन्हाळ्यात पांढरं दिसायचं. ऊस पिवळा पडायचा. आम्हाला वाटायचं, तहानलाय. मग आणखी पाणी.

दवाखान्यात आत्तीनं आपल्या सुजलेल्या पायावर बोट दाबलं. खड्डा पडला. तसाच राहिला.

"बघ. खालच्या रानागत झालाय."

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत बसलो.

शेवटच्या दिवशी तुळशीच्या पानानं तोंडात पाणी घातलं. डॉक्टर काही म्हणाले नाहीत.

ते पाणी ओठावरनं तसंच खाली आलं.

आज वर्ष झालं.

काल मी खालच्या रानाचं पाणी तोडायचं म्हटल्यावर धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, पाणी न्हाय दिलं तर हाय तेवढा ऊस बी जाईल की."

"जाऊ दे."

"आणि शेजारच्या रानातलं पाणी आपल्यात झिरपतंय, ते? तू एकट्यानं काय करणार हाईस?"

शेजारचं पाणी मला अडवता येणार नाही. खालचं रान माझ्या हयातीत सुधारेल का, तेही माहीत नाही.

सकाळी देवापुढं दिवा लावला. आत्तीच्या फोटोला हार घातला. खोरं घेऊन रानात गेलो आणि पाटाचं तोंड बुजवलं.

तिनं बुजवलं होतं, तिथंच.

आत्ती, नमस्कार गं.

खालच्या रानाचं पाणी तोडलं.