डाव्या हाताची भाषा

आमचे कॉम्प्युटरचे सर फक्त डाव्या हातानं टाइप करायचे. उजव्या हाताची बोटं शिक्रापूरच्या एका कारखान्यात प्रेसखाली गेली होती. मग त्यांनी शिरूरच्या एसटी स्टँडमागे क्लास काढला. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. "बोटं गेली, डोकं शाबूत हाय," असं स्वतःच सांगून टाकायचे. त्यापुढे कीव करायची कुणाची टाप नव्हती.

त्यांनी स्वतःची प्रोग्रामिंगची भाषा बनवली होती. शब्द मराठी, अक्षरं इंग्रजी. तिची खुबी अशी, की एखादी गोष्ट एकदा हातात घेतली की पुन्हा तिचं नाव लिहायचं नाही. नुसतं 'छाप' म्हटलं की शेवटचं जे हातात असेल ते छापलं जायचं. एका हाताला तेवढंच टायपिंग कमी. असं मोघम लिहिलं तर गोंधळ होईल, म्हणून मी वाद घालायची.

"आई चुलीपुढनं 'ढवळ' म्हणती, तवा 'काय ढवळू' असं इचारतीस व्हय?" सर म्हणायचे.

त्याच कारखान्यानं त्यांना कामगारांचे गेटपास छापणारा प्रोग्राम दाखवायला बोलावलं. जमलं तर ऑफिसात कायमची नोकरी. सरांच्या घरादाराचे डोळे तिकडे लागले होते. मीही सोबत गेले. प्रोग्राममध्ये सरांनी कामगाराचं नाव हातात घेतलं, मग मानाचं म्हणून मॅनेजरसाहेबांचं घेऊन वर छापलं, आणि खाली कामगारासाठी पुन्हा नुसतं 'छाप'. झालं! सगळ्या पासांवर कामगाराच्या जागी साहेबच. वॉचमनसुद्धा साहेब झाला.

"दर ठिकाणी नाव लिहून आणा, सोमवारी बघू," साहेब म्हणाले.

परतताना मी म्हटलं, "सर, तुम्ही सांगा, मी टाइप करते."

"आन् उद्या माझ्यावानी दुसरा कुणी आला, तर त्यानं कुणाची बोटं उसनी आणायची?"

सरांनी नावं वाढवली नाहीत, भाषाच सुधारली. आता प्रत्येक काम आपल्यापुरतंच हातात धरायचं आणि संपलं की सोडायचं. साहेबांचं नाव छापून सुटलं, तरी कामगाराचं होतं तिथंच राहायचं. "चुली येगळ्या केल्या, भांडण मिटलं," म्हणाले.

सोमवारी पास बिनचूक निघाले. नोकरी मिळाली. क्लासात पेढे वाटले, आणि पेढा तोंडात असतानाच मला उमगलं, की आता हा क्लास बंद होणार.

शेवटच्या दिवशी सरांनी खोलीची किल्ली माझ्यापुढे ठेवली, पिशवी खांद्याला लावली आणि दारातून म्हणाले, "चालव."

काय, कुणी, कसं, काही नाही. मी किल्ली उचलली.