जाईबाईच्या दारातला नळ

पाणी आणि किस्से, दोन्ही खोलगट जागी साचतात. आमच्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीइतकी खोलगट जागा अख्ख्या पालघर तालुक्यात नव्हती! मी तिथे कारकून होतो. निवृत्त झालो, तरी मनोरजवळच्या एका पाड्याची पाणी समिती मला इतिवृत्त लिहायला बोलावते. तिथेच जाईबाई भेटली, आणि साठा वाढतच गेला.

*

आधी आमचं पाप सांगतो. या पाड्यावर नळ द्या, असे अर्ज यायचे उन्हाळ्यात. साहेब पाहणीला निघायचे श्रावणात, कारण वैशाखात त्या वाटेला सावली नव्हती! अहवाल ठरलेला : 'ओढा दुथडी भरून वाहत आहे. टंचाई दिसून येत नाही.' अक्षर माझं. सुवाच्य होतं.

*

वैशाखात तोच ओढा म्हणजे नुसती वाळू. तिच्यात खड्डा खणायचा, त्याला डवरा म्हणतात. तळाशी झिरपलेलं गढूळ पाणी करवंटीने हंड्यात भरायचं. हंडा भरायला तास. अशा पाड्यावर मुलगी कोण देणार?

जाईबाईचा मुलगा रघू बोईसरला कारखान्यात. निर्व्यसनी, दिसायला माझ्यापेक्षा बरा. त्याच कारखान्यात पॅकिंगला असलेली मासवणकडची मुलगी त्याला पसंत, तो तिला पसंत. मुलीची आई आली. घर न बघता आधी डवऱ्यावर गेली आणि परत येऊन चहाला न थांबता म्हणाली, "पोरगा बरा हाय. पानी नाय."

झालं! तरी ती दोघं एकमेकांसाठी थांबून राहिली.

*

शेवटी एकदाचा नळ आला. पहिल्या दिवशी जाईबाईने घरातले पाचही हंडे स्वतःच्याच नळासमोर रांगेत लावले आणि स्वतः शेवटच्या हंड्यामागे उभी राहिली.

"जाईबाई, नळ तुमचा, दार तुमचं. रांग कसली?"

"सायेब, पानी हाय म्हंजे लाइन हाय!"

*

आठवड्याभरात पाड्यावरच्या बायका तक्रार घेऊन समितीत आल्या. मी पेन उघडलं. पाणी कमी येतं? नाही. गढूळ येतं? नाही.

"सायेब, आता भांडायला भेटत नाय!"

डवऱ्यावर तासन्‌तास बसून अख्ख्या पाड्याची उणीदुणी निघायची, ती बंद पडली होती. समितीने ठराव केला : महिलांनी रोज दुपारी चिंचेखाली बसावे. एकमताने मंजूर!

*

जाईबाईची एक सवय मात्र सुटेना. कुणी नळ जरा मोठा सोडला, की ओट्यावरून गर्जना : "बंद कर!" एकदा मी हात धुवायला गेलो.

"सायेब, हात धुतो का म्हैस?"

मग तिने स्वतः तांब्यातून माझ्या हातांवर करंगळीएवढी धार धरली. दोन्ही हात स्वच्छ झाले. उरलेलं पाणी मिरचीच्या रोपाला गेलं.

*

मुलीची आई पुन्हा आली. कधी? वैशाखात, भर दुपारी, चालत! आमच्या खात्याला इतक्या वर्षांत जमलं नाही, ते या बाईने केलं. मी वही मिटून गुपचूप ओट्याच्या कडेला बसलो.

कुणाशी न बोलता ती नळापाशी गेली. पूर्ण सोडला. पाय धुतले, तोंड धुतलं, ओंजळीने पोटभर प्याली. आणि नळ तसाच सोडून खाटेवर येऊन बसली.

पाणी धो धो. एक मिनिट. दोन मिनिटं. रघू नखं खायला लागला. मी जाईबाईकडे बघितलं. ओठ घट्ट मिटलेले, पदर मुठीत आवळलेला. गर्जना नाही!

पाणी काही थांबेना. शेवटी पाहुणीलाच राहवेना.

"विहिणी, नळ बंद कर ना! पानी वाया चाललं!"

जाईबाईची मूठ सुटली.

"चालू दे!"