उर्सुलावहिनीच्या मशीनीला बांधलेला पाळणा

लोक म्हणायचे, बॅप्टिस्टच्या बायकोला चार हात आहेत. चार-बिर काही नव्हते. दोनच होते, आणि त्यातला एक कायम कुणाचं तरी शेंबडं नाक पुसण्यात गुंतलेला. मला विचारा. बॅप्टिस्ट माझा थोरला भाऊ, म्हणजे उर्सुला माझी वहिनी, आणि सांडोर गावात माझं सासर तिच्या घराला लागूनच. तिच्या शिवणाच्या मशीनीची खडखड माझ्या चुलीपर्यंत ऐकू यायची.

गोष्ट एकावन्न सालची असेल. दादा मुंबईला गोदीत कामाला, शनिवारी घरी यायचा. आमची आई दिवसभर केळीच्या वाडीत. घरात वहिनी आणि तीन पोरं. फ्लॉसी सहा वर्षांची, बेसिल तीन वर्षांचा, आणि पाळण्यात सेबेस्टियन. वहिनीने माहेराहून पायाची मशीन आणली होती. तिच्यावर ती अर्ध्या गावाचे झगे, पोलकी आणि पोरांचे सदरे शिवायची. मुंबईच्या पगारावर घर चालायचं, पण बाईला ते काम आवडायचं हो! कापडाला कात्री लावताना तिचं तोंड बघायचं, जत्रेला निघाल्यासारखं.

पण मशीन चालवायची तर पाळणा कोण हलवणार? मग या बाईने काय करावं? पाळण्याची दोरी सरळ मशीनीच्या पायडलला बांधली! पाय हलला की सुईही चालायची आणि पाळणाही. फ्लॉसी सुईत दोरा ओवून द्यायची. बेसिल रिकाम्या रिळांची माळ गळ्यात घालून मशीनीखाली बसायचा. गिऱ्हाईक आलं की वहिनीच्या एका हातात टेप आणि दुसऱ्यात पेजेचा चमचा. एकदा शाळेच्या बाईंच्या पोलक्याला दोन्ही बाह्या उजव्याच लागल्या, कारण ऐन वेळी बेसिल विहिरीकडे पळाला होता. बाई भल्या. म्हणाल्या, पोरगं वाचलं ना, मग बाहीचं काय घेऊन बसलीस!

आमच्या आईला मात्र हे बघवायचं नाही. ती म्हणायची, "काम करायचं तर वाडीत ये. पोरं सांभाळायची तर पोरं सांभाळ. हे मधलंच काय खूळ? पोर काय मशीनीला बांधायची वस्तू आहे?" वहिनी कधी उलटून बोलली नाही. खाली मान घालून शिवत राहायची. मला तिचा रागच यायचा. मी असते तर चांगलं ऐकवलं असतं.

मग गावातल्या रुडॉल्फच्या मुलीचं, कार्मिनचं लग्न ठरलं. नवरीने पांढरा झगा घालायची टूम आमच्याकडे तेव्हा नवीच होती, आणि तो झगा शिवायला आला वहिनीकडे! कापड मुंबईचं, लेस मुंबईची, पाठीवर लावायची मोतिया बटणं मुंबईहून अगदी मोजून आणलेली. वहिनी हरखून गेली. मशीनीखाली धुतलेली चादर अंथरली आणि पोरांना दम दिला, झग्याला बोट लावाल तर याद राखा.

बेसिल गुणाचा. त्याने झग्याला बोट लावलं नाही. त्याने बटण गिळलं.

काय तो हल्लकल्लोळ! फ्लॉसी किंचाळली, वहिनीने पोराला उलटं धरून पाठीत धपाटे घातले, मी हातातलं पीठ तसंच घेऊन धावले. बटण काही वर येईना. आई वाडीतून आली, तिने पोराचा चेहरा बघितला, श्वास बघितला आणि बेसिलला केळी चारायला बसली. एकामागून एक! पोरगं खुशीत. पण आईचा आवाज मला अजून आठवतो. थंडगार. "हा झगा शिवून जाऊ दे. मग ही मशीन या घरात राहणार नाय. श्रीपत शिंप्याला निरोप धाडते, सोमवारी गाडी घेऊन येईल."

वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. "आई, मशीन नका हो घालवू. लागलं तर मी रोज सकाळी वाडीत येईन." आईने बेसिलसाठी पुढचं केळं सोललं.

बटण दुसऱ्या दिवशी मिळालं. कुठून, ते मी सांगणार नाही. सोड्याने, साबणाने, उकळत्या पाण्याने धुतलं, एवढं पुरे.

राहिली होती लेस. ती हातानेच लावायची, मशीनीखाली घातली तर गोळा व्हायची. आणि इथेच पंचाईत झाली. सेबेस्टियनला जन्मापासून त्या खडखडीतच झोपायची सवय! मशीन थांबली की पोर टक्क डोळे उघडायचं आणि गाव गोळा करायचं. फ्लॉसीने झोके दिले, मी अंगाई गाऊन पाहिली. माझ्या गळ्याने तर ते जास्तच रडलं. वहिनी रडवेली झाली. बोट टोचून रक्त आलं, एक थेंब त्या पांढऱ्यावर पडला असता म्हणजे? मी हात टेकले आणि भात बघायला घरी गेले.

थोड्या वेळाने बघते तर रडं बंद, आणि मशीन चालू. म्हटलं, वहिनीने आता लेस मशीनीवर घातली वाटतं! धावत गेले. वहिनी दारातल्या उजेडात बसून शांतपणे टाके घालत होती. आणि मशीनीवर कोण? आमची आई! सुईत दोरा नाही, खाली कापड नाही. हातात रोझरी, ओठांवर प्रार्थना, आणि पाय आपले चालले आहेत खडखड खडखड.

"आई, कोणाचा झगा शिवतेस गो?" मी म्हटलं.

"तुझं तोंड शिवते. ये इकडे."

झगा वेळेवर गेला. कार्मिन देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, अशी दिसली की बायका प्रार्थना विसरल्या. मी मात्र तिच्या पाठीवरच्या बटणांकडे बघून हसू दाबत होते, आणि वहिनी मला कोपराने ढोसत होती.

सोमवारी श्रीपतभाऊ खरोखरच बैलगाडी घेऊन आले. वहिनीने सकाळीच मशीन पुसून ठेवली होती. डोळे सुजलेले. मीही भांडायच्या तयारीने येऊन उभी राहिले. आई ओटीवर आली.

"श्रीपतभाऊ, चहा घ्या आणि गाडी रिकामीच न्या."

"अहो, तुम्हीच निरोप धाडला होता ना?"

"धाडला होता. चुकलं माझं," आई म्हणाली. आईच्या तोंडून हे शब्द मी जन्मात ऐकले नव्हते. मग ती वहिनीकडे वळली. "माझी पोरं मी बांधावर झोळीत टाकायची. रडून रडून आपोआप गप्प व्हायची. केळींना पाणी सोडलेलं असायचं, अर्ध्यावर टाकून येता यायचं नाय. दुपारी जाऊन बघायची, श्वास चाललाय ना म्हणून. तुझं पोर तुझ्या पायाशी आहे. तू शीव."

त्या झोळीत आधी दादा होता, मग मी. आईने हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. लपवू कशाला, मी तिथेच श्रीपतभाऊंसमोर पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागले.

आईने मला जवळ ओढलं. म्हणाली, "आता कशाला रडतेस? तेव्हा रडलीस तेवढं पुरे."