लटारू नाकेदाराच्या चार खुर्च्या

चांदा जिल्ह्यात दुष्काळ कशाचाही पडेल, सागाचा पडणार नाही. वैनगंगेच्या काठच्या मोहटोल्यात तर कोंबड्यांच्या खुराड्यालाही सागाची फळी होती. अख्ख्या गावात सागाचं ढलपंसुद्धा नाही असं घर एकच, आणि ते जंगलखात्याच्या नाकेदाराचं.

हे नाकेदार म्हणजे लटारूभाऊ. अंगात खाकी कोट, कोटाखाली धोतर, आणि चेहऱ्यावर सरकारी मिशा. बावीस वर्षं ते मोहटोल्याच्या नाक्यावर होते. नाका म्हणजे रस्त्यावर एक आडवा बांबू, बाजूला जप्तीचा माल ठेवायची कोठी आणि कोठीपुढे एक मांडव. लाकूड आत येणारं असो की बाहेर जाणारं, पास असला तर बांबू वर, नसला तर माल कोठीत. मंगलीबाई नावाची गोंड म्हातारी लेकीकडून नवं मुसळ खांद्यावर टाकून येत होती. ते त्यांनी कोठीत टाकलं. गावात सुतारकाम करणाऱ्या मुखरू वाढयानं मूल गावातल्या दुकानातून सागाची फळी आणली आणि दुकानाची पावती नाचवून दाखवली. लटारूभाऊ शांतपणे म्हणाले, "पावती दुकानदार देते, मुखरू. पास सरकार देते." फळी कोठीत गेली.

आता अशा माणसाच्या घरात सागाची खुर्ची दिसली, तर गाव काय म्हणेल? "चोरली!" या धाकापायी लटारूभाऊंनी घराला बांबूच्या ताटीचं दार लावलं, निजायला तट्टा आणि बसायला गोणपाट ठेवलं. साहेब आले तर साहेबही गोणपाटावर बसत. अंगणात पाय ठेवला की जंगलखात्याऐवजी धान्यबाजारात आल्यासारखं वाटायचं.

बावीस वर्षं हे चाललं. पण सन अठ्ठावन्नच्या शिमग्याआधी लेकीला, रंभाला, वरोऱ्याचं स्थळ सांगून आलं. मुलगा लच्छू शाळामास्तर, बाप गुणवंतराव जिनिंगमध्ये कारकून. निरोप्यानं जाता जाता सांगितलं, "पोरगा पाटलून घालते. खाली बसते त शिवण जाते. खुर्च्या असू द्या, भाऊ."

लटारूभाऊंच्या पत्नी गुणाबाई त्या रात्री झोपल्याच नाहीत. आधीची दोन स्थळं गोणपाटावर बसून उठून गेली होती. रंभाला विसावं लागलं होतं. "यावेळी खुर्च्या नाई आल्या," त्या म्हणाल्या, "तं मी पोरीले घेऊन माहेरी चालली. मंग बसा गोणपाटावर, तुम्ही आन् तुमचं सरकार!"

तर खुर्च्या घ्यायच्या. पण कुठे?

सगळ्यात स्वस्त मुखरू. चार पायल्या धान आणि एक वेळचं जेवण दिलं की तो काहीही करून देई. अडचण एवढीच, की जन्मभर त्यानं बैलबंड्या केल्या होत्या, त्यामुळे त्याच्या हातून जे निघे ते बंडीसारखंच निघे. मोहटोल्याच्या शाळेला त्यानं खुर्ची करून दिली होती. ती हलवायला चौथीचा पूर्ण वर्ग लागे. शिवाय मुखरूकडे पावती कुठली? तो लाकूड कुठून आणतो हे गावात फक्त दोघांनाच माहीत नव्हतं, एक सरकारला आणि दुसरं मुखरूला.

मग महाशिवरात्रीला ते मार्कंड्याच्या जत्रेत गेले. तिथे लालभडक खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या. लटारूभाऊंनी देवाच्या आधी खुर्चीपुढे मान वाकवली आणि तिचा वास घेतला. लाकूड ते नाकानं ओळखत.

"हे सालई हाय."

"अस्सल साग हाय, भाऊ!" दुकानदार म्हणाला.

"आन् हे आंब्याचं."

"भाऊ, खुर्ची बसाले असते. हुंगाले अत्तराचं दुकान तिकडं हाय."

एक खुर्ची मात्र खरंच सागाची निघाली. लटारूभाऊंनी पावती मागताच दुकानदारानं त्यांच्या खाकी कोटाकडे पाहिलं, खुर्ची उचलली आणि तो जत्रेच्या गर्दीत नाहीसा झाला. दुकान तिथेच राहिलं.

चांद्याला एका कचेरीतल्या जुन्या खुर्च्यांचं निलाम होतं. भाव परवडणारा, वर सरकारी पावती. लटारूभाऊंना अगदी माहेर भेटल्यासारखं झालं. पण गुणाबाईंनी खुर्ची उलटी करून जमिनीवर आपटली, तशी तीस वर्षांच्या नोकरीतले ढेकूण एकदम बाहेर पडले. "हे बी येतीन का पावतीत?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि नवऱ्याच्या पुढे चालू लागल्या.

राहिलं नागपूर. मूलहून लहान गाडीनं डुलत डुलत लटारूभाऊ नागपुरात पोचले. सीताबर्डीवरच्या त्या दुकानाला काच होती, वर फिरता पंखा होता, आणि विकणारा माणूस असा नटलेला, की लटारूभाऊंनी आधी त्यालाच सलाम केला. खुर्च्यांचं पॉलिश असं, की तोंड दिसे. चौघींची किंमत ऐकून लटारूभाऊंना आपलं उतरलेलं तोंड त्याच पॉलिशमध्ये दिसलं.

"लाकूड कुठचं जी?"

"असली बल्लारशा का माल है, साहब! पूरे नागपूर में नहीं मिलेगा."

म्हणजे लटारूभाऊंच्या रानातला साग त्यांच्याच नाक्यावरून रीतसर बल्लारशाच्या वखारीत गेला होता, नागपुरात शिकून शहाणा झाला होता आणि आता परत यायला चौपट मागत होता. पण दुकानानं तिकीट लावलेली, शिक्का मारलेली पावती दिली. ती पावती पाहून लटारूभाऊंचे डोळे पाणावले. आता कोण म्हणेल चोरीची? त्यांनी खुर्चीचा वासही घेतला नाही. पॉलिशचा दर्प एवढा होता, की आत लाकूड आहे हेच त्यांच्या डोक्यातून गेलं.

पाहुणे यायच्या आदल्या दुपारी दसरूच्या बंडीतून खुर्च्या मूलहून निघाल्या आणि नदी ओलांडून मोहटोल्याच्या नाक्याशी आल्या. पुढे पावती हातात धरून लटारूभाऊ चालत होते. बाजाराचा दिवस, सगळं गाव रस्त्यावर. लटारूभाऊंनी स्वतःच्या हातानं स्वतःचा बांबू वर उचलला.

"थांबा जी, भाऊ." मंगलीबाई मोहफुलांची टोपली खाली ठेवून म्हणाली. "पास?"

लटारूभाऊ हसले आणि पावती पुढे केली.

मुखरू वाढई गर्दीतून पुढे आला. फळी कोठीत गेल्यापासून दोन वर्षं तो या दुपारची वाट पाहत असावा. "पावती दुकानदार देते, भाऊ," तो गोड आवाजात म्हणाला. "पास सरकार देते."

सगळा बाजार लटारूभाऊंकडे वळला. बंडीचा बैलसुद्धा रवंथ थांबवून बघू लागला. लटारूभाऊंनी पहिल्यांदा खुर्चीवर नाक टेकवलं. पॉलिशच्या खालून ओळखीचा वास आला. साग! बिनपासाचा साग!

मुखरू घाबरून म्हणाला, "मजाक केली ना, भाऊ. न्या घरी. उद्या पोरीले पाहाले येऊन राह्यले."

पण लटारूभाऊंनी बांबू खाली आणला होता. त्यांनी वही काढली आणि लिहिलं: 'आरोपी लटारू. माल, खुर्च्या चार.' मग नियमाप्रमाणे सपाट, रुंद आणि सहज दिसेल अशा जागी, म्हणजे बसायच्या फळीवर, डांबरानं नंबर घातले: जप्त १, जप्त २, जप्त ३, जप्त ४.

गुणाबाई धावत आल्या. आधी त्या रडल्या, मग जे बोलल्या ते ऐकून बाजारातल्या बायांनी पोरांचे कान झाकले. "आता पाहुण्यायले कुठी बसवता? तुमच्या डोस्क्यावर?"

"जप्त माल नाक्याबाहेर नेता येत नाई," लटारूभाऊ मिशी ओढत म्हणाले. "पण लोकायनं त्याच्यावर बसू नये, असं कुठी लिहून नाई."

अशा रीतीनं दुसऱ्या दिवशी रंभाला पाहायचा कार्यक्रम जंगलखात्याच्या नाक्यावर झाला. कोठीपुढच्या मांडवात खुर्च्या मांडल्या. गुणाबाईंनी डांबराचे नंबर झाकायला रंभानं भरलेले पातळ पांढरे रुमाल वर अंथरले. मुखरूनं अपराध्यासारखं अंगण सारवून दिलं. मंगलीबाई चारोळीच्या झाडाची गोड फळं, चारं, घेऊन आली. चैत्राचं ऊन मांडवातून गाळून खाली पडत होतं. गुणवंतराव पहिल्या खुर्चीवर बसले, लच्छू तिसऱ्या. रंभानं चहा दिला. लच्छूनं "कितवीपर्यंत शिकल्या?" असं विचारलं, तिनं "चवथी" सांगितलं, आणि दोघंही आपापल्या पायांकडे पाहू लागले.

गुणवंतरावांचं लक्ष मात्र कोठीतल्या लाकडांवर होतं. "लटारूजी," ते जवळ सरकून म्हणाले, "मी घर बांधून राह्यलो. बारा चौकटी लागते. तुमच्यासारखा नाकेदार व्याही असल्यावर मले काय फिकर?"

गुणाबाईंनी डोळ्यांनीच नवऱ्याला सांगितलं: हो म्हणा. एकदाच, जन्मात एकदाच हो म्हणा. लटारूभाऊंनी लेकीकडे पाहिलं. कपाळावरचा घाम पुसला.

"जरूर या," ते म्हणाले. "दर साली निलाम होते. पावती भेटते. पास मी सोता तपासून देईन."

गुणवंतराव कपबशी आदळून उठले. "चल रे लच्छू! नाक्यावर आणून बसवलं, आन् वर निलाम सांगते मले!" लच्छूही उठला. गुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. बापलेक तरातरा बांबूकडे निघाले.

आणि मागून मंगलीबाई ओरडली, "लटारूभाऊ! माल चालला ना! बिनपासाचा!"

सगळ्यांनी पाहिलं. चैत्राच्या उन्हानं डांबर वितळलं होतं, रुमालातून वर आलं होतं आणि लच्छूच्या पांढऱ्या पाटलोणीवर जप्तीचा तीन नंबर काळाभोर उमटला होता. अक्षरं उलटी होती. पण मंगलीबाईला वाचता येत नसल्यामुळे तिचं काही अडलं नाही. गुणवंतरावांच्या धोतरावर एक नंबर होता.

"माह्यं मुसळ सोडलं नाई तुम्ही," म्हातारी म्हणाली, "मंग एवढा मोठा माल कसा सोडता?"

मुखरू हसला, दसरू हसला, सगळा मांडव हसला. गुणवंतराव मान वळवून स्वतःची पाठ पाहण्याच्या नादात गोल फिरू लागले. रंभा तोंडावर हात दाबून उभी होती, पण तिचे खांदे हलत होते. लच्छूनं तिच्याकडे पाहिलं आणि तो थांबला. स्थळ पाहायला निघाल्यापासून तो इतका मनापासून कुठे थांबला नव्हता.

"नाकेदारसाहेब," तो म्हणाला, "आता माह्यासाठी नियम काय हाय?"

दुसरा कोणी असता तर हसण्यावारी नेलं असतं. लटारूभाऊंनी खरोखर वही उघडली. "पास रेंजरसाहेब देतात," ते गंभीरपणे म्हणाले. "तोवर माल नाक्यावर. नाई तं गावातल्या कोणी जामीन राह्यलं पाह्यजे."

"मी हाओ ना जामीन," रंभा म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर आपण काय म्हटलं ते तिला कळलं. ती घराकडे पळाली.

गुणवंतराव त्यानंतर तासभर बडबडत होते. पण पोरगा बांबूपाशी बसून राहिला होता, आणि डांबर लागलेलं धोतर नेसून, पोरगा मागे ठेवून वरोऱ्याला परतणं त्यांनाही जड वाटलं. वैशाखात लग्न झालं. लग्नातला बाक मुखरूनं केला. तो आणायला आठ माणसं लागली, आणि त्याच्यासोबत पास होता.

खुर्च्यांचं प्रकरण मात्र वर गेलं ते वरच राहिलं. चारही खुर्च्या नाक्याच्या मांडवात उभ्या असतात. बाजाराला जाणाऱ्या बाया बसतात, मंगलीबाई दोन नंबरवर पाय वर घेऊन बसते, दिवाळीला जावई आला की त्याला तिसरी मिळते. लटारूभाऊ तेवढे कधी बसत नाहीत. आरोपीनं जप्त माल वापरायचा नसतो. ते बाजूला गोणपाटावर बसतात, आणि कोणी खुर्ची ओढली की न बघता ओरडतात, "आरामानं! सरकारी हाय!"