फोनवरचं ‘हं’

“काहून न्यायचं परत दवाखान्यात? पोरगी पुण्याहून औषध घेऊनच येऊन राहिली ना.”

आमच्या गावी, साखऱ्यात, काकांची जीप उभी होती त्या दारात चपला काढताना त्यांचं हे बोलणं माझ्या कानावर पडलं. काकांसमोर बाजेवर बसलेली शेजारची मावशी म्हणाली, “डासाचं औषध हाय म्हणं तिचं. मंग कॉइलवानी उशाला लावायचं का तुमच्या बायकोच्या?”

दोघं हसले. मी दिसताच काका उठले. “आली बघा डॉक्टरीणबाई!” म्हणत त्यांनी माझी बॅग घेतली आणि किती जड आहे ते हातानंच जोखलं. बॅगेत दोन ड्रेस आणि लॅपटॉप होता.

मी डॉक्टर नाही. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत डेंग्यूच्या विषाणूला थांबवेल असं रसायन शोधते. गेल्या दिवाळीत पप्पांनी इथे सगळ्यांना सांगितलं, “डेंग्यूचं औषध बनवते ती.” बनवत नाही, शोधते, एवढंच मला म्हणायचं होतं. पण लहानपणी हिंगोलीच्या इंग्रजी शाळेतून मी सुट्टीत इथे आले, की माझं मराठी ऐकून चुलत भावंडं हसायची. तेव्हापासून मी इथे कमी बोलते. पप्पांचं ‘बनवते’ तसंच राहिलं.

मी सुट्टीला इकडे निघणारच होते, तेवढ्यात काल काकांचा फोन आला. सेनगावच्या दवाखान्यात काकूचं रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. “तू येऊनच राहिली तर तुझं औषध घेऊन ये.” मी ‘हं’ म्हणाले. फोनवर मी सगळ्यालाच ‘हं’ म्हणते. पुढचं वाक्य मनात जुळवेपर्यंत त्यांनी फोन ठेवला होता. मला परत लावता आला असता. मी लावला नाही.

लावून तरी काय सांगणार होते? विषाणूजवळ स्वतःचं असं जवळजवळ काही नसतं. तो आपल्याच पेशीत घुसून, आपल्याच भांड्यांत स्वयंपाक करतो. त्याला मारायला जावं तर बहुतेक वेळा पेशीच मरते. या उन्हाळ्यात एक रसायन चाललं. पेशी जिवंत, विषाणू थंड. मी तो प्रयोग तीनदा पुन्हा करून पाहिला, तिन्ही वेळा तेच. मग ते उंदरांना दिलं, तर लिव्हरनंच ते संपवून टाकलं. रक्तात उतरलंच नाही. प्रयोगशाळेच्या मीटिंगमध्ये आमच्या सरांनी माझा आलेख बघितला आणि म्हणाले, “नेक्स्ट.” तीन वर्षांत हा शब्द मी इतक्यांदा ऐकलाय, की आता तो ऐकू येण्याआधीच मी वही मिटते.

“ताप तर सकाळीच उतरला,” काका खुशीत सांगत होते. “आता तुझा डोस दिला की बराबर होतंय सगळं.”

काकू आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजली होती. एक हात पोटावर दाबलेला. सकाळपासून तीनदा उलटी झाली, म्हणाली. उशाशी चूळ भरायचं भांडं होतं, त्यातलं पाणी हिरड्यांच्या रक्तानं गुलाबी झालं होतं. ताप उतरला की घरचे निश्चिंत होतात आणि डेंग्यूत खरा धोका नेमका तेव्हाच सुरू होऊ शकतो, हे मी कितीदा लिहिलंय. प्रत्येक अहवालाच्या पहिल्या परिच्छेदात. इंग्रजीत.

“पोट दुखलं तर लगोलग हिंगोलीला न्या म्हणले होते डॉक्टर,” काकू पुटपुटली.

“आता काहून तकलीफ? लेकरू आलंय ना औषध घेऊन.”

काकूनं कूस बदलली आणि माझ्या बॅगेकडे पाहिलं. काकांनी ती तिच्या पायाशी आणून ठेवली होती. मावशी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहिली, गोळी असेल तर घोटभर लागेल म्हणून. मला सगळ्याचाच राग आला. उंदरांच्या लिव्हरचा, सरांच्या ‘नेक्स्ट’चा, पप्पांच्या ‘बनवते’चा. सगळ्यात जास्त माझ्या त्या ‘हं’चा. त्याच्या भरवशावर पोट दुखत असूनही काकूला आज कितीतरी तास घरीच ठेवलं होतं.

काका बॅगेची चेन उघडायला वाकले. मी बॅग ओढून बाजूला केली.

“औषध न्हाई, काका. माझ्याजवळ न्हाई, कुणाजवळच न्हाई अजून. जीप काढा, काकूला आत्ता हिंगोलीला न्यायचंय.”