घसरून पाहिलेली फरशी

घर बांधून झालं की उरलेली वाळू दारात पडून राहते आणि किस्से डोक्यात. वाळू तरी कोणी मागून नेतं, किस्से मात्र घरी येईल त्या पाहुण्याला चहाबरोबर ऐकावेच लागतात! आमच्या अहेरीच्या घराला विटा किती लागल्या, स्लॅब कधी पडला, हे आता कोणाला धड आठवत नाही. आठवते ती फक्त स्वयंपाकघराची फरशी.

त्याला कारण माझ्या सासूबाई. मी सरकारी दवाखान्यात नर्स, आमचे हे एसटीत ड्रायव्हर. दोन वर्षांपूर्वी भाड्याच्या घरात गुळगुळीत फरशीवर तेल सांडलं, सासूबाई घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. चंद्रपूरला ऑपरेशन झालं, हाती वॉकर आला. जरा बऱ्या झाल्या आणि सरळ गावच्या मातीच्या घरी निघून गेल्या. "तुमच्या चिकन्या फरशीवर मी आता पाय नाई ठेवत," म्हणाल्या. तिथे त्या एकट्या. शेजारीण पाणी भरून द्यायची, आणि इथे आमच्या दोघांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. नवं घर बांधायचं ते त्यांना परत आणायला. म्हणजे फरशी चुकली की अख्खं घरच चुकलं!

*

फरशी बघायला पहिल्यांदा गेलो आलापल्लीच्या एका दुकानात. आमच्या ह्यांची नजर आत शिरल्याशिरल्या पांढऱ्या चकचकीत फरशीवर. वाकून बघितलं आणि गडी खूश.

"यात तं तोंड दिसते!"

"काऊन? सयपाकखोलीत दाढी करणार हाये का?" मी विचारलं.

दुकानदारानं बाजू सावरली. "ताई, पाहुणे आले का पहिले फरशीच पाहतात."

"पाहतात. पुसाले कोणी नाई येत!"

त्यानं गुपचूप कॅटलॉगचं पान उलटलं.

*

मग आमच्या आयुष्यात रहीमभाई आले. फरशी बसवणारे मिस्त्री, वय साठीच्या पुढे, गुडघ्यांना कायम सुती पट्ट्या बांधलेल्या. त्यांचा एक नियम होता. दुकानातून चार नमुने आणायचे, अंगणात मांडायचे, वर पाणी ओतायचं, त्यावर चमचाभर तेल. आणि मग घरातल्या प्रत्येकानं अनवाणी चालून दाखवायचं. त्याशिवाय हा माणूस ऑर्डर देऊच द्यायचा नाही.

"फरशी ओली करून पाहाची भाऊ. कोरडी तं काच बी चांगली."

आमचे हे ड्युटीवरून आलेले, अंगात खाकी. म्हणाले, "मी रोज एवढी मोठी गाडी सांभाळतो, मले हे दोन फुटाची फरशी काय करते?" आणि पांढऱ्या फरशीवर त्यांनी ऐटीत पाय ठेवला.

दुसरा पाय ठेवायची वेळच आली नाही!

कुंपणापलीकडून आमचे शेजारी बघत होते. ते रिटायर्ड कंडक्टर. त्यांनी तोंडानंच घंटी मारली, "टिंग! थांबा, पॅसेंजर पडला!"

पांढरी फरशी त्याच संध्याकाळी दुकानात परत गेली.

*

उरलेले तीन नमुने रहीमभाईंनी आठ दिवस दारासमोर ठेवायला लावले. येणाऱ्याजाणाऱ्यानं त्यावर पाय द्यायचा, मी रोज पुसायचं. आमच्या रस्त्याची तांबडी धूळ सगळ्यांना सारखीच वाटली गेली. काळ्या फरशीवर पिठाचा कण न् कण दिसायचा. दगडासारख्या खडबडीत फरशीवर काहीच दिसायचं नाही, कारण सगळी घाण खाचांत जाऊन बसायची आणि मी ब्रश घेऊन तिच्या मागे! उरली एक करडी. ना चकचकीत, ना खडबडीत. दिसायला अगदी सरकारी. पण ओल्या पायाला धरून ठेवायची आणि एका फडक्यात साफ व्हायची.

*

या काळात माझं डोकं फरशीशिवाय कुठे चालत नव्हतं. एक दिवस दवाखान्यात मनगट सुजलेली एक बाई आली.

"कशानं झालं बाई?"

"पडली मी, घरात."

"फरशीवर का? कोणती हाये, चकचकीत का मॅट? किती वर्षं झाले बसवून? मिस्त्री कोण होता?"

ती बाई हात धरून बिचारी एकेक उत्तर देत होती. आमचे डॉक्टर नागपूरचे, तरुण, कमी बोलणारे. त्यांनी मान वर केली. "सिस्टर, आपण एक्सरे काढून राह्यलो का कोटेशन?"

*

करडी फरशी आमच्या मनात पक्की झाली, पण राहायचं होतं ज्यांना त्यांचं काय? आम्ही सांगून सासूबाई ऐकणाऱ्या नव्हत्या. रहीमभाई म्हणाले, "मी जातो." आणि खरंच, एका रविवारी करडी फरशी पोत्यात गुंडाळून, मोटारसायकलला बांधून हा माणूस आमच्या गावी गेला. सासूबाईंच्या रांजणाजवळ ठेवून आला. "आई, मन होईन तवा पाय ठेवून पाहा," एवढंच बोलला. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना हे. आमच्याच आईसाठी परका माणूस तीस मैल जाऊन येतो, याचं काय करायचं?

पंधरा दिवसांनी आम्ही गावी गेलो. बघतो तर फरशी लालभडक! सासूबाई ती पायाखाली घ्यायच्याऐवजी पाट्यासारखी वापरत होत्या. वरवंटा घेऊन रोज मिरची-लसूण त्यावर.

"आई, हे फरशी चालाले होती!" हे कपाळाला हात लावून म्हणाले.

"चालली ना. मिरची चांगली वाटते. वरवंटा बी सटकत नाई."

रहीमभाईंना हे फोनवर सांगितलं. पलीकडे जरा वेळ नुसतं हसू. मग म्हणाले, "ताई, पास झाली. आता ऑर्डर द्या."

*

फरशी बसली त्या दिवशीची गोष्ट. शेवटची ओळ लागली, वाळली, आम्ही पेढे आणले. रहीमभाईंनी पेढा बाजूला ठेवला आणि बादलीभर पाणी ओतलं. पाणी मोरीकडे निघालं, पण ओट्याखाली तळहाताएवढं थांबून राहिलं. रहीमभाई त्या पाण्याकडे बघत बसले.

"दोन ओळी काढा लागते."

"राहू द्या ना भाऊ, एवढंसं तं पाणी हाये," हे म्हणाले.

"तिथीच आई उभ्या राहणार ना? पाणी कोणाची माय पाहात नाई भाऊ."

दुसऱ्या दिवशी त्या पट्ट्या बांधलेल्या गुडघ्यांवर बसून त्यांनी दोन्ही ओळी उखडल्या, उतार सुधारून नव्यानं बसवल्या. पुन्हा बादली. पाणी झरझर मोरीत गेलं. मग त्यांनी पेढा खाल्ला. आमच्या घरावर कोणाचे उपकार असतील तर त्या दोन ओळींचे आहेत, आणि हे मी ज्याला त्याला सांगते.

*

घरात राहायला गेलो त्या दिवशी सकाळी बुद्धवंदना झाली, खीर वाटून झाली. सासूबाई आल्या होत्या, पण बाहेर छपरीत खुर्चीवर. मांडीवर पिशवी, दुपारच्या गाडीनं परत जायचं ठरवूनच आलेल्या. "घर चांगलं बांधलं पोराहो," म्हणाल्या, पण आत काही येईनात. ह्यांनी विनवलं, मी विनवलं. रहीमभाई जेवायला थांबले होते.

मी आत वरणाला फोडणी द्यायला लागले. लक्ष सगळं छपरीत, हात कढईवर. आणि बाहेरून आवाज आला.

"सूनबाई, लसून जळून राह्यला ना!"

पाठोपाठ वॉकरची ठक ठक. समोरच्या खोलीतून, सिमेंटच्या कोब्यावरून, सासूबाई थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या. करड्या फरशीच्या काठावर. खाली बघितलं. मी गॅस बंद केला. हे मागून धावत आले, दोन्ही हात पसरून. रहीमभाई ताट हातात धरून उभे.

"आई, हळू. वाकर घट्ट धर!"

त्यांनी ह्यांच्याकडे असं बघितलं, जसं काही पोराला रीतभातच माहीत नाही.

"वाकर आत आनू? रस्त्यावरचं शेनमाती तुडवून आलं ते. सयपाकखोलीत बाहेरचं पायतान आनते का कोनी?"

वॉकर त्यांनी ह्यांच्या हातात दिला, एक हात भिंतीला लावला, दुसरा ओट्यावर, आणि अनवाणी पायांनी कढईकडे गेल्या. मला बाजूला सारून म्हणाल्या, "हो तिकडं, दुसरा लसून सोल."

मी लसूण आणायला बाहेर आले. त्या आत, आणि दारात आम्ही तिघं, वॉकर धरून उभे!